दाजींचा अपघात, परवाना संपलेला, गुन्हाही त्यांच्यावरच: तरी क्लेम कशाकशाचे होतात?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दाजी वय ३४, मित्राची मोटरसायकल चालवत होते, मित्र मागे बसलेला. फलटणच्या अलीकडे रात्री रस्त्यात सोडून दिलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून धडक. दाजी जागीच गेले, मित्राचा पाय मोडला. हेल्मेट नव्हतं, परवान्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली, आणि पोलिसांनी गुन्हा दाजींवरच नोंदवलाय. गावात कुणी म्हणतं पन्नास लाख मिळतील, ओळखीचा विमा एजंट म्हणतो दमडीही मिळणार नाही.

आधी घाईचं काम सांगतो. अपघाताला बावीस दिवस झालेत. सातबारा दाजींच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत ताईंना अर्ज करता येतो. मृत्यूसाठी रक्कम २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. म्हणजे तुमच्या हातात आठवडाभर आहे. शवविच्छेदनाचा अंतिम अहवाल, वारस नोंद, काही अपुरं असलं तरी अर्ज आत टाका, पोच घ्या, उरलेले कागद मागून जोडा. उद्याच जा. बाकीचं हे उत्तर परवा वाचलंत तरी चालेल.

आता मुद्द्याकडे. मी एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावा विभागात २९ वर्षं काढली. नामंजुरीची पत्रं मीही लिहिली आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून कसं बघतात ते माहीत आहे. गावातले पन्नास लाखवाले आणि तुमचा एजंट, दोघांचा गोंधळ एकच आहे: क्लेम ही एकच गोष्ट आहे असं दोघं धरून चाललेत. माणूस एक गेला, पण हक्क चार-पाच ठिकाणांहून उगवतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं. काही ठिकाणी कुणाची तरी चूक दाखवावी लागते, काही ठिकाणी फक्त हप्ता भरलेला असणं पुरतं, तर काही ठिकाणी कायदाच सांगतो की चूक कुणाची हे विचारू नका. तुमचा तो परवाना एका खात्यात आडवा येईल आणि दुसऱ्या खात्यात त्याला कुणी फारसं मोजणार नाही.

मोठा दावा ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यावर. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६. हा दावा एमएसीटीमध्ये, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावायचा. या दाव्याचं मूळ समोरच्याचा निष्काळजीपणा. तुम्ही म्हणाल, ट्रॉली तर उभी होती, धडकले दाजी. खरं आहे, पण रस्त्यात वाहन धोकादायक रीतीने उभं करून जाणं हेच कायद्याविरुद्ध आहे, कलम १२२ वाचा. हंगामात आपल्या भागात हे रोजचं झालंय. ट्रॉलीचं टायर बसतं, चाकाला दगड लावतात, ट्रॅक्टर सोडून घेऊन जातात, आणि मागे अंधारात काळा डोंगर उभा. रेडियम चिखलाने बुजलेलं, नाहीतर वर लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांनी) झाकलेलं. त्या दगडांचं तर मला विशेष कौतुक वाटतं. ट्रॉली निघून गेल्यावरही ते रस्त्यातच राहतात, पुढच्या माणसासाठी.

‘ट्रॅक्टर जोडलेलाच नव्हता, मग मोटार वाहनाचा अपघात कसला?’ हा आक्षेप कंपनी घेईल असं समजून चला. १९८७ साली राष्ट्रीय महामार्ग ४ वर एक पेट्रोलचा टँकर उलटला आणि तासन्‌तास तसाच पडून राहिल्यावर त्याचा स्फोट झाला. माणसं गेली. टँकर चालू नव्हता म्हणून जबाबदारी नाही, असा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ‘वाहनाचा वापर’ याचा अर्थ चाकं फिरत असण्यापुरता नाही. बंद पडलेलं, उभं असलेलं वाहनही त्यात येतं. तुमच्या वकिलांना हा निकाल माहीत असेलच, नसला तर वकील बदला.

गुन्हा दाजींवर नोंदवलाय म्हणून खचू नका. मागून धडक असली की पोलीस बऱ्याचदा मयतावरच गुन्हा घालतात आणि आरोपीच हयात नाही म्हणून ‘अ‍ॅबेटेड समरी’ करून फाईल मिटवतात. यात नेहमी कपट असतं असं नाही, सोय असते. ट्रॉलीमालक स्थानिक, कारखान्याची वाहतूक करणारा, आणि तुमच्या बाजूने पहिले चार दिवस ठाण्यात जाण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. पण एमएसीटीवर ती फिर्याद बंधनकारक नाही. तिथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच तोलतात. आणि तोलताना फिर्यादीपेक्षा घटनास्थळ पंचनामा जड पडतो. ट्रॉली डांबरावर किती होती आणि साइडपट्टीवर किती, मागे रेडियम होतं का, दिवा किंवा त्रिकोणी फलक लावला होता का, रस्त्यावर उजेड होता का, ब्रेकच्या खुणा किती फूट. आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात अख्खा पंचनामा मयताच्या विरोधात होता, फक्त शेवटाकडे कुणा हवालदाराने सवयीने लिहिलं होतं, ‘ट्रॉलीचे पाठीमागील बाजूस परावर्तक दिसून येत नाही.’ त्या एका ओळीवर आमचा वकील आडवा झाला. म्हणून पंचनाम्याची प्रत आधी मिळवा. त्या रात्री कुणी मोबाइलवर फोटो काढले असतील तर मूळ फाईल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोला वेळ-तारीख राहत नाही.

दाजींचीही थोडी चूक धरली जाईल का? शक्यता आहे. मागून धडकणाऱ्याने अंतर आणि वेग राखायला हवा होता असं म्हणून काही टक्के कापतात. पण परवाना संपलेला, म्हणून आपोआप चूक, असं होत नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय: परवाना नसणं हा गुन्हा असेल, पण त्यामुळे अपघात घडला हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. अंधारातली ट्रॉली परवान्याचं नूतनीकरण केल्याने दिसली नसती. हेल्मेटचा युक्तिवाद थोडा वेगळा, कारण डोक्याला मार असेल तर कंपनी तो जोर लावून मांडते. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण काय लिहिलंय ते बघा.

विम्याच्या बाजूने त्रास होईल तो ट्रॉलीमुळे. ट्रॅक्टरची पॉलिसी असते, ट्रॉलीची बऱ्याचदा नसते. आणि पॉलिसी ‘शेतीकामासाठी’ म्हणून घेतलेली, प्रत्यक्षात भाड्याने ऊसवाहतूक. कंपनी अटीभंग म्हणेल. त्यावर अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतं, पण त्या भरवशावर राहू नका. दाव्यात ट्रॅक्टरमालक, ट्रॉलीमालक (वेगळा असेल तर), चालक आणि कंपनी, सगळ्यांना पक्षकार करा. एक नाव सुटलं की नंतर दोन-दोन वर्षं दुरुस्त्यांत जातात.

मुदत: १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खाली सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबायचं काही कारण नाही. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असंही नाही, ताई राहतात त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. सासूबाईंना घेऊन तारखांना फिरायचं तर हे फार महत्त्वाचं.

आता पन्नास लाखांचा हिशोब. आकडा हवेतून येत नाही, सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी तो जवळजवळ सूत्रात बसवलाय. समजा दाजींची कमाई महिना १५,००० सिद्ध झाली. स्वतःचा धंदा, वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के धरून २१,०००. घरात ताई, दोन मुलं, आई, असे चार अवलंबून. म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६. झाले ३०,२४,०००. त्यावर सहवासाच्या नुकसानीचे प्रत्येकी ४०,०००, अंत्यविधी आणि संपत्ती-नुकसानीचे १५-१५ हजार, हे आकडे दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. म्हणजे बत्तीस लाखांच्या आसपास. दाजींची तीस टक्के चूक धरली तर त्यातले तीस टक्के गेले.

पण ‘सिद्ध झाली’ हा शब्द पुन्हा वाचा. शेतीचं उत्पन्न पूर्ण धरत नाहीत, कारण जमीन घरातच राहिली. गेली ती दाजींची मेहनत आणि देखरेख, तेवढीच मोजतात. म्हणून दुधाचा धंदा कागदावर आणा: संघाच्या दहा दिवसांच्या बिलांच्या पावत्या, बँकेत जमा झालेल्या रकमा, गाईंच्या कर्जाचे हप्ते. पावत्या सासऱ्यांच्या नावावर असतील तर डेअरीच्या सचिवाची साक्ष लागेल.

पुराव्याची ही ओढाताण नकोच असेल तर कलम १६४ आहे: चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी ५ लाख. पण ते स्वीकारलं की १६६ चा दावा संपतो. हॉस्पिटलच्या किंवा ठाण्याच्या आवारात कुणी ‘ताई, पाच लाख लगेच देतो, इथे सही करा’ म्हणत आलं तर हेच असू शकतं. सही करायची नाही. आणि टक्केवारीवर केस घेणाऱ्या वकिलाबद्दल: बार कौन्सिलच्या नियमांत अशा टक्केवारीला मनाई आहे. गावोगाव चालतं, तरीही आहे.

मित्राच्या मोटरसायकलच्या पॉलिसीतून दाजींसाठी काही मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडीच्या मालक-चालकासाठी असतं. दाजी मालक नव्हते, आणि दुसऱ्याची उसनी आणलेली गाडी चालवणारा कायद्याच्या नजरेत मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे त्या गाडीपुरता तो ‘तिऱ्हाईत’ही (थर्ड पार्टी) ठरत नाही. तुमच्या एजंटचं ‘दमडी नाही’ हे या एका पॉलिसीपुरतं बरोबर आहे, त्याने ते सगळीकडे लावलं. ट्रॅक्टरच्या दृष्टीने मात्र दाजी पक्के तिऱ्हाईत आहेत. मित्रही. उलट मित्राचा दावा जास्त सोपा: तो चालवत नव्हता, त्यामुळे दोन वाहनांच्या चुकीत भरडला गेलेला माणूस म्हणून तो पूर्ण भरपाई ट्रॅक्टरवाल्याकडून मागू शकतो, दाजींच्या वाट्याची चूक त्याच्या रकमेतून कापली जात नाही. त्याने वेगळा दावा लावावा, आणि तुमची मैत्री टिकवायची तर आधी बसून बोलून घ्या, कारण वेग किती होता याची साक्ष तोच देणार आहे.

आता पासबुक काढा. मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये वजा झालेत का? ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, २ लाख, मृत्यू कशानेही होवो. २० म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला आणखी २ लाख. दोन्हींचे अर्ज बँकेच्या शाखेत. शाखेतले ‘बघू’ म्हणाले तर लेखी मागा. रुपे कार्ड असेल तर त्यावरही अपघात विमा असतो, पण अपघाताआधी ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेलं असावं लागतं, तेही विचारा. एखादी जीवन विम्याची पॉलिसी तीन वर्षांहून जुनी असेल तर कंपनी आता माहिती लपवल्याचा मुद्दा काढू शकत नाही.

परवाना एका खात्यात आडवा येईल असं मी वर म्हटलं, ते खातं हे. मुंडे योजनेत शेतकरी स्वतः वाहन चालवत असेल तर वैध परवाना मागतात. म्हणजे ज्या २ लाखांसाठी तुम्हाला उद्या पळवतोय तेच अडू शकतात. तरीही अर्ज करा; नकार आला तर तो लेखी येऊ द्या, तोंडी ‘होत नाही ओ’ वर परत फिरू नका. शवविच्छेदनात व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर त्याचा अहवाल येईपर्यंत हे अपघाताचे दावे लोंबकळतात, त्याचा पाठपुरावा ठाण्यात करावा लागतो.

‘विम्याचे पैसे आधी घेतले तर कोर्टात कापतील’ ही भीती ताईंच्या सासऱ्यांनी घातली आहे, असं लिहिलंय. जीवन विम्याचे पैसे कापत नाहीत. १९९८ मध्ये आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून दिलंय: ती रक्कम हप्ते भरल्यामुळे मिळते, कधीतरी मिळणारच होती, ट्रॅक्टरवाल्याच्या चुकीचा तिच्याशी संबंध नाही. सासऱ्यांना हे शांतपणे सांगा. अशा घरांत पैशांवरून जे होतं ते मी बरंच पाहिलंय. मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण त्यांच्या नावाने मुदत ठेवीत टाकतं, सज्ञान होईपर्यंत. ते ताईंनी आग्रहाने मागून घ्यावं.

पंचनाम्याची प्रत हाती आली की त्यातल्या ट्रॉलीबद्दलच्या ओळी इथे टाका, नावं आणि गाडीचे नंबर खोडून. आणि उद्या कृषी कार्यालयात जाताना सातबारा, आठ-अ, फिर्यादीची प्रत आणि ताईंचं पासबुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, तिथलं मशीन बंद असतं.