लेकराचं नोव्हिशिएटचं वर्ष मोडू नका

मेलबर्नहून एका माउलीचं पत्र आलंय. माहेर वैजापूर तालुक्यातलं, सासर जालन्याचं, तिकडे स्थायिक होऊन पंचवीस वर्षं झाली. मुलगा तेवीस वर्षांचा, जन्म तिकडचा, बाप्तिस्मा मात्र आजोळी झालेला. त्या लिहितात, “तो म्हणतो, फादर नाही, मिशनरी ब्रदर व्हायचंय, म्हणजे धर्मसंघात व्रतं घ्यायची पण धर्मगुरू व्हायचं नाही, तेही आपल्या मराठवाड्यात. सध्या पोस्टुलन्सी, म्हणजे संघातली पूर्वतयारी, चालू आहे, जूनमध्ये नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचं उमेदवारीचं वर्ष, सुरू होईल. जानेवारीत मुलीचं लग्न इथे मेलबर्नला आहे. तीन आठवडे तरी सोडतील ना? आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर मी त्याला तिथं ठेवणारच नाही, सहा आठवडे घरी आणीन. शिवाय गावच्या जमिनीचं काय, सासरचे काय म्हणतील, आणि व्हायचंच तर फादर का नाही?”

ताई, तुमचा जीव तुटतो ते पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण “तीन आठवडे तरी” या शब्दांवर मी थांबले. परदेशातल्या आपल्या घरांत ही चूक हमखास होते. आपण नोव्हिशिएटला होस्टेल समजतो. सुट्टी लागली की तिकीट काढायचं आणि पोराला घरी आणायचं, ही आपली सवय. नोव्हिशिएट तसं नसतं. माझा धाकटा भाऊ ब्रदर आहे, आमच्या आईनंही हाच हट्ट धरला होता, म्हणून हक्कानं रागावते.

हिशेब नीट समजून घ्या. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार नोव्हिशिएट वैध ठरायला पूर्ण १२ महिने लागतात, आणि ते संघाच्या नोव्हिशिएटच्या घरातच, तिथल्या नोव्हिसांसोबत, म्हणजे उमेदवारांसोबत, काढायचे असतात. त्या काळात १५ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली, तर ते दिवस नंतर भरून द्यावे लागतात. आणि सगळी गैरहजेरी मिळून ३ महिन्यांच्या वर गेली, सलग असो की तुकड्यातुकड्यानं, तर नोव्हिशिएटच अवैध ठरतं. तुटक दिवस मोजताना महिना ३० दिवसांचा धरतात, म्हणजे मर्यादा ९० दिवसांची. आता तुमचा बेत मांडा. लग्नाचे २१ दिवस, उन्हाळ्याचे ४२ दिवस, झाले ६३. त्यात पावसाळ्यात डेंग्यू होऊन दवाखाना आणि नातेवाइकांकडची विश्रांती यात महिना गेला, की आकडा ९३ वर. मग पुन्हा पहिल्यापासून वर्षभर. बरोबरची पोरं पहिली व्रतं घेऊन पुढे निघून जातात आणि आपला एकटा मागं राहतो. त्याच्या मनावर याचा केवढा भार पडतो, ते मी जवळून पाहिलंय.

एवढा कडक नियम कशासाठी? दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं आपल्याला पेलतील का, हे त्या वर्षात पोरगा पाहतो, आणि संघ त्याला पाहतो. पहाटेची प्रार्थना, मिस्सा, संघाच्या घटनेचा अभ्यास, भांडी, शेत, झाडलोट, ठरलेल्या वेळचं मौन. पहिले काही महिने घरची ओढ लागतेच. ती ओसरून मन तिथं लागत असतानाच तुम्ही त्याला लग्नघराच्या गजबजाटात आणलंत, तर परत जाऊन सगळं नव्यानं सुरू करावं लागतं. मराठवाड्याच्या उन्हाचं म्हणाल, तर त्याला जन्मभर तिथंच काम करायचंय. टँकरचं पाणी पुरवून वापरणं त्याला याच वर्षी अंगवळणी पडलं पाहिजे.

मग लग्नाचं काय करायचं? नोव्हिस मास्टरांना, म्हणजे नोव्हिसांना घडवणाऱ्या प्रमुखांना, आत्ताच लिहा, जानेवारीची वाट पाहू नका. एक मार्ग म्हणजे लग्न जूनच्या आत, पोस्टुलन्सी चालू असतानाच उरकणं. पोस्टुलन्सीला हा १२ महिन्यांचा नियम लागत नाही, तिथं संघाचे स्वतःचे नियम असतात. तारीख हलणारच नसेल, तर परवानगी मागून प्रवासासकट दहा-बारा दिवसांत त्याला परत पाठवा, आणि मग त्या वर्षात दुसरी रजा नाही. तीही मिळाली नाही, तर रुसू नका. फोनसाठी एक ठरलेली वेळ मागून घ्या. डिसेंबरात तुमचे सकाळचे नऊ म्हणजे इथले पहाटेचे साडेतीन, हे विसरू नका. आणि त्याला स्वतःलाच परत यायचं असेल, तर नोव्हिस कधीही मोकळेपणानं निघू शकतो. ते दार उघडंच असतं. तुम्ही बाहेरून ओढायची गरज नाही.

पहिली व्रतं वर्षभराचा काळ पुरा झाल्यावर. ती तात्पुरती असतात, कमीत कमी ३ वर्षं, साधारण ६ पर्यंत, फार तर ९. त्याच काळात संघ त्याला बी.एड.ला, नर्सिंगला नाहीतर आयटीआयला पाठवेल. मग कायमची व्रतं. घरभेटीच्या सुट्ट्या व्रतांनंतर संघाच्या नियमानं मिळतात. तोवर धीर धरा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मात्र मी सांगणारच. मुलाकडे ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड, असणार. ओसीआयवर भारतात राहता येतं, पण मिशनरी कामासाठी मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार वेगळी विशेष परवानगी लागते, एफआरआरओकडून, म्हणजे भारतातल्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून, किंवा तिथल्या भारतीय वकिलातीतून. ती काढलीय का, हे संघाच्या कार्यालयाला आजच विचारा. शिक्षणाचं कर्ज असेल तर तेही सांगा. कर्ज फेडता येत नसलेल्याला संघात घेत नाहीत.

जमिनीची काळजी सोडा. सातबाऱ्यावरचं नाव कुणी खोडत नाही. पहिल्या व्रतांआधी तो आपल्या मालमत्तेचा कारभार हवा त्याच्याकडे सोपवतो, आणि कायमच्या व्रतांआधी कायद्याला धरून मृत्युपत्र करतो.

फादर का नाही? कारण त्याला मिस्सा अर्पण करायला बोलावणं आलेलं नाही, पोरांमध्ये राहायला आलंय. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांच्या लेकरांना बोर्डिंगमध्ये सांभाळतो तो ब्रदरच. तो अर्धा फादर नव्हे. सासरची मंडळी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींच्या प्रोटेस्टंट परंपरेतली, त्यांच्याकडे ब्रदर ही रीतच नाही, म्हणून ते विचारणारच. त्यांना एकदा संघाच्या घरी घेऊन जा, एवढं पुरे.

आता हाताला काम. बाप्तिस्म्याचा नवा दाखला आजोळच्या पॅरिशमधून, म्हणजे तिथल्या चर्चमधून, मागवा. घरातला जुना चालत नाही, कारण दृढीकरण या संस्काराची आणि तो अविवाहित असल्याची खात्री रजिस्टरच्या शेऱ्यावरूनच होते. अर्जात आईवडिलांची पूर्ण नावं, धर्ममातापित्यांची नावं आणि बाप्तिस्म्याची तारीख द्या, नक्की नसेल तर निदान महिना आणि वर्ष. रजिस्टरातलं आडनाव आणि पासपोर्टवरचं आडनाव वेगळं निघालं, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं पॅरिशच्या फादरांचं सहीशिक्क्याचं पत्र सोबत घ्या. जूनच्या आधी दोन महिने हे हातात हवं.