पंचविशीतली नागीण आणि खिशातली चिठ्ठी

‘मॅडम, हा म्हाताऱ्या माणसांचा आजार ना? मग मला पंचविसाव्या वर्षी कसा झाला?’ नागीण झालेली तरुण मुले-मुली हा प्रश्न मला वारंवार विचारतात. गेल्या श्रावणाच्या अखेरीस तो विचारणारा तरुण खानापूर तालुक्यातील एका गावातून रोज बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथ यंत्रावर कामाला येणारा होता. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

छातीच्या डाव्या बाजूला दोन दिवस आग होत होती, तेव्हा जड जॉब उचलल्याने चमक भरली असावी असे त्याला वाटले. तिसऱ्या दिवशी पाठीपासून काखेखालून पुढे येणारा, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उमटला. शेजारच्या कन्नड काकूंनी पाहताक्षणी ‘सर्पसुत्तु’, म्हणजे नागीणच, म्हटले आणि घरातल्या आजीने नागपंचमीची आठवण काढली, कारण त्या दिवशी जमीन खणू नये हे ठाऊक असूनही त्याने बांधावर कुदळ चालवली होती. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस वाचत नाही, या समजुतीने आजीने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. तरीही थोरल्या भावाने त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. या निर्णयाचे मला फार महत्त्व वाटते, कारण विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो आणि गेरूचा लेप, उतारा, मंत्र यांत आपल्याकडे नेमका हाच वेळ निघून जातो. त्याला असायक्लोव्हिरची ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवसांसाठी मिळाली होती. दुखणे सोसण्याजोगे होते आणि ताप नव्हता.

मग तो माझ्याकडे का आला? डॉक्टरांनी रक्ततपासणीची चिठ्ठी दिली होती आणि तीत साखरेच्या तपासणीखाली एचआयव्हीची तपासणी लिहिलेली होती. ती चिठ्ठी त्याने तीन दिवस पँटच्या खिशात घडी करून ठेवली होती. घरात त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होती, निपाणीकडची एक मुलगी पाहायला जायचे ठरले होते, आणि डॉक्टरांना आपल्या वागण्याचा संशय आला आहे असा अर्थ त्याने मनाशी लावला होता. आगीपेक्षा त्या चिठ्ठीनेच त्याची झोप उडवली होती.

मी आधी त्याला लहानपणाविषयी विचारले. चौथीत असताना कांजिण्या आल्या होत्या आणि आईने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवले होते, हे त्याला लख्ख आठवत होते. त्या कांजिण्यांचा विषाणू, म्हणजे व्हॅरिसेला झोस्टर, शरीरातून कधीच पुरता जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित राहतो आणि कधीतरी त्यांपैकी एका तंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. वय वाढले की हे अधिक घडते, पण ज्याला कांजिण्या येऊन गेल्या त्याला कोणत्याही वयात होऊ शकते आणि तरुणांमध्ये आजार बहुधा सौम्य राहतो. फोड भरून आल्यावरही महिनोन्महिने टिकणारी वेदना मुख्यतः उतारवयातील रुग्णांच्या वाट्याला येते. बांधावरच्या कुदळीचा या साऱ्याशी संबंध नाही.

चिठ्ठीबाबत मात्र मी त्याला ‘काही नसेल, घाबरू नका’ असे म्हणाले नाही. असा दिलासा निकालाआधी देणे मला अप्रामाणिक वाटते. प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्यांमध्ये नागीण अधिक आढळते, म्हणून तरुण रुग्णाला डॉक्टर ही तपासणी सुचवतात. नागीण झालेले बहुतेक तरुण एरवी निरोगीच असतात, तरीही विचारणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि त्यात चारित्र्याचा निवाडा नाही, एवढे मी स्पष्ट सांगितले. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. निकाल कोणताही आला तरी पुढची वाट आहे, उपचार आहेत, आणि त्याविषयी आपण दोघे पुन्हा बसून बोलू, हेही ठरवले. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून मागा, असे मी आवर्जून बजावले. सीमाभागातील आपली माणसे संकोचाने न वाचताच सही करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तो दुसऱ्या दिवशी जाऊन तपासणी करून आला. तिचा निकाल त्याचा आहे, म्हणून तो मी येथे लिहीत नाही.

उठता उठता त्याने वहिनीचा विषय काढला. तिला सातवा महिना होता. नागीण एकाकडून दुसऱ्याला होत नाही, पण फोडांतल्या पाण्याचा संपर्क झाला तर ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात आणि गरोदरपणी त्या धोक्याच्या ठरतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत पट्टा स्वच्छ कापडाने झाकायचा, टॉवेल वेगळा ठेवायचा आणि वहिनीला पूर्वी कांजिण्या आल्या होत्या का हे तिच्या आईला विचारायचे, असे सांगितले. आल्या नसतील, तर त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना कळवायचे होते. तिच्या आईने फोनवर सांगितले की शाळेत असताना तिला त्या येऊन गेल्या होत्या. पट्टा छातीवर न उठता कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठला असता, तर मी त्याला बोलत न बसवता तडक नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले असते, कारण तिथे दृष्टीचा प्रश्न असतो.

आजीसाठी त्याने माझ्याकडून एक गोष्ट समजून नेली. कण्यातून निघणारे तंतू डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळे जातात, त्यामुळे पट्टा बहुधा छातीच्या आणि पाठीच्या मध्यरेषेशी येऊन थांबतो. पुढचे आठ दिवस आजी रोज सकाळी त्याला अंगणात उजेडात उभे करून, हात न लावता, पट्टा मधल्या हाडापाशी थांबला आहे ना हे पाहत असे. खपल्या पडू लागल्या तेव्हा तिने गेरूची वाटी आपणहून उचलून फडताळात ठेवली.