तोरखम बंद झालं की तासगावचा बेदाणा चढतो का?

प्रश्न असा आहे: पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या तोरखम नाक्याला गोळीबार होऊन सीमा बंद पडली, आता अफगाण माल येणार नाही, असं सौद्यात (बेदाण्याच्या लिलावात) बोललं जातंय. कोल्ड स्टोरेजला पाच टन हिरवा बेदाणा आहे. धरून ठेवू का?

नुसत्या त्या बातमीवर धरू नका. आधी महिना बघा. अफगाण द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबरात उतरतात आणि वाळलेला नवा माल दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतो. आपली बेदाणा वाळवायची शेडं भरतात फेब्रुवारी ते एप्रिल. 2025 च्या 21 फेब्रुवारीला चौकीच्या बांधकामावरून तोरखम बंद पडलं, ते जवळजवळ महिनाभर. तो काळ अफगाण हंगामाचा नव्हताच. 12 ऑक्टोबरला पाक-अफगाण चकमकींनंतर बंद झालं, ते मात्र नव्या मालाच्या तोंडावर.

मग माल कोणत्या वाटेने येतो ते बघा. काबूल-जलालाबादचा माल तोरखमवरून पेशावर, लाहोर, वाघा असा यायचा आणि आपल्या हद्दीतल्या अटारी चौकीत उतरवून आपल्या ट्रकात भरला जायचा. कंदहारकडचा स्पिन बोल्दक-चमन या दुसऱ्या नाक्यावरून. पण पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये अटारीच बंद करण्यात आली, पुढे काही अफगाण ट्रकांना सूट मिळाली तेवढीच. म्हणजे ऑक्टोबरात तोरखमचं फाटक लागलं तेव्हा आपल्याकडची वाट आधीच अडखळलेली होती. दुसरी वाट इराणची: चाबहार किंवा बंदर अब्बास बंदर, तिथून जहाजाने. पाकिस्तानात खपणारा माल अडला तर तोही याच वाटेने आपल्याकडे येऊ शकतो. तेव्हा भाव उतरायचीही तयारी ठेवा. सौद्यात हे कुणी बोलत नाही.

फाटकाबाहेर रांगेत डाळिंबं, टोमॅटो सडतात. बेदाणा तग धरतो. पण उन्हाळ्यात ताडपत्रीखाली आठवडे काढले की रंग उतरतो आणि माल चिकटतो. असा माल पुढे पडेल भावात येतो आणि धक्का आपल्या हलक्या प्रतीला बसतो, चांगल्या हिरव्याला कमी. बियांचा मनुका तर वेगळंच गिऱ्हाईक. तो चढला म्हणून बेदाणा चढत नाही.

आता तुमचा हिशोब. समजा भाव किलोला 200 रुपये आणि पैशाला महिना एक टक्का व्याज. महिन्याला किलोमागे दोन रुपये गेले, वर कोल्डचं भाडं आणि वजनातली तूट. तीन महिन्यांत सात-आठ रुपयांची वाढ झाली तरी हातात फारसं काही उरत नाही. उसनवारी असेल तर निम्मा माल आत्ताच सौद्याला लावा.

उरलेला ठेवायचा तर थप्पीच्या तळातले दोन-तीन बॉक्स काढून तपासा, वरचे नेहमी चांगलेच दिसतात. बॉक्स बाहेर काढल्या काढल्या फोडू नका. गार मालावर दव धरतं आणि तोच पुढे चिकटतो. रात्रभर तसाच बंद राहू द्या, सकाळी मूठभर दाबून सोडा. दाणे सुटे झाले तर ठीक. गोळा राहिला किंवा दाण्यावर साखरेचे कण दिसले, तर तो लॉट पहिल्याच सौद्यात काढा, तोरखम उघडं असो की बंद.