काचेवरचे शेवाळ आणि टाकीत मावतील तेवढे मासे

घरातील मत्स्यटाकीविषयी सोलापूरच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न व त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत. बहुतेक पत्रांत शेवाळाचा प्रश्न एकीकडे आणि माशांच्या संख्येचा दुसरीकडे विचारलेला आहे. प्रत्यक्षात हे दोन्ही एकाच प्रश्नाचे भाग आहेत, म्हणून उत्तरेही एकत्रच दिली आहेत.

प्रश्न : आमची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असून ती गॅलरीच्या दाराशेजारी ठेवली आहे. तीत पाच गोल्डफिश, चार एंजल, दहा नियॉन टेट्रा आणि काच स्वच्छ राहावी म्हणून घेतलेले दोन सकर आहेत. आठवड्याभरात पाणी हिरवेगार होते. शेवाळाचे औषध टाकले की चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. याहून चांगले औषध कोणते? आणखी किती मासे सोडता येतील? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आपण औषध बदलू नये, ते बंदच करावे. शेवाळाला प्रकाश लागतो आणि पाण्यात विरघळलेली नायट्रेट व फॉस्फेट ही पोषकद्रव्ये लागतात. औषधाने शेवाळ मरते, पण मेलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि त्यातली पोषकद्रव्ये पाण्यात परत येतात. प्रकाश तसाच, खाद्य तसेच, मग चार दिवसांनी नवे शेवाळ येणारच. शिवाय यांपैकी काही औषधांत तांबे असते. ते गोगलगायी व कोळंबी यांना घातक ठरते आणि वनस्पतींनाही मानवत नाही.

पहिले काम टाकीची जागा बदलण्याचे. गॅलरीतून येणारे सकाळचे दोन तासांचे ऊनसुद्धा पाणी हिरवे करण्यास पुरेसे असते. जागा बदलणे शक्य नसेल, तर टाकीच्या त्या बाजूला बाहेरून काळा कागद किंवा जाड पडदा लावावा. टाकीवरचा दिवा दिवसाला सहा ते आठ तासांपेक्षा जास्त चालू ठेवू नये आणि शक्य असल्यास त्याला टायमर बसवावा, कारण पाहुणे बसले आहेत म्हणून रात्री अकरापर्यंत दिवा चालू राहणे ही बैठकीच्या खोलीतल्या टाकीची नेहमीची गत असते.

सध्याचे हिरवे पाणी घालवण्यासाठी काळोखाचा उपाय करावा. एक तृतीयांश पाणी बदलून टाकीवर जाड चादर चारही बाजूंनी पांघरावी, तीन ते चार दिवस दिवा व खाद्य दोन्ही बंद ठेवावे, मात्र हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. मरणारे शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, त्यामुळे या काळात पंप बंद पडला तर मासे गुदमरतात. चादर काढल्यावर पुन्हा एक तृतीयांश पाणी बदलावे. पाणी खरोखर निवळले की नाही हे टाकीकडे पाहून नीटसे कळत नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तो पांढऱ्या कागदासमोर धरावा. पाण्यात तरंगणारे शेवाळ उरले असेल तर हिरवट झाक स्पष्ट दिसते. एवढ्यावरही पाणी पुन्हा हिरवे झाले, तर फिल्टरला अतिनील दिवा जोडावा. तरंगत्या शेवाळावर तो हमखास चालतो. काचेला वा पानांना चिकटलेल्या शेवाळावर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही.

आता माशांविषयी. टाकीत किती पाणी मावते हे आधी काढावे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. आपल्या टाकीचे माप साडेपाच घनफुटांहून थोडे जास्त, म्हणजे सुमारे १५८ लिटर भरते. खालची वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी १३० लिटरच्या आसपास राहील. या पाण्यात आपण एकमेकांशी न जुळणारे चार प्रकारचे मासे ठेवले आहेत. गोल्डफिशला थंड पाणी लागते, १८ ते २४ अंशांचे. तो सहज सहा-सात इंच वाढतो, सारखा खातो आणि तितकीच घाण करतो. एंजल उष्ण पाण्यातला मासा आहे. नियॉन टेट्राला मऊ व किंचित आम्लधर्मी पाणी मानवते आणि एंजल पूर्ण वाढला की तो रात्री एकेक नियॉन गिळतो. सकर लहान असताना शेवाळ खातो खरा, पण वाढला की त्याचा कल दाण्याकडे वळतो आणि एक फुटाच्या वर गेलेला सकर जितके शेवाळ खातो त्याहून कितीतरी अधिक शेवाळाला पुरेल एवढी विष्ठा टाकतो. शेवाळ खाण्यासाठी सकर घ्यावा, हा सल्ला अनेक दुकानांत सर्रास दिला जातो आणि तीन फुटी टाकीसाठी तो साफ चुकीचा आहे.

त्यामुळे आणखी मासे सोडण्याचा विचार आपण मनातून काढावा. गोल्डफिश, नियॉन आणि सकर ज्याच्याकडे योग्य टाकी आहे त्याला द्यावेत. एंजल ठेवावेत आणि त्यांच्या जोडीला सहा मॉली आणाव्यात. सोलापुरात नळाचे पाणी असो वा बोअरचे, काचेवर पांढरा थर धरणारे क्षारयुक्त पाणी अनेक घरांत येते आणि मॉलीला नेमके असेच पाणी आवडते. ती दिवसभर दगडावरचे व पानांवरचे शेवाळ टोचत राहते. तिची पिल्ले बहुधा एंजलच खाऊन टाकतील, त्यामुळे संख्या आवाक्यात राहील. गोल्डफिशवरच आपला जीव असेल, तर उलट करावे : या टाकीत फक्त दोन किंवा तीन गोल्डफिश ठेवावेत आणि बाकी सर्व मासे काढावेत. दोन्ही हौशी एका टाकीत भागणार नाहीत.

खाद्य दिवसातून एकदाच, माशांनी दोन मिनिटांत संपवावे एवढेच द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. दर आठवड्याला पाव भाग पाणी सायफनने वाळूतली घाण ओढत बदलावे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड सुटते, म्हणून ज्या दिवशी नळ येईल त्या दिवशी टाकीसाठी एक बॅरल वेगळे भरून ठेवावे आणि त्यात हवेच्या पंपाची नळी सोडून एक दिवस तसेच ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीन काढणारे औषध वापरावे. बॅरलला झाकण ठेवावे, नाहीतर शेवाळ तिथूनच सुरू होईल.

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी दोन फुटी टाकी नव्याने मांडली. त्याच दिवशी बारा मासे सोडले, त्यांपैकी सात मेले. आता काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटीसारखा थर येत आहे. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी का? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : टाकी मुळीच धुऊ नये. तपकिरी थर डायटमचा, म्हणजे एका प्रकारच्या सूक्ष्म शेवाळाचा आहे. नव्या टाकीत तो येतोच, बोटाने पुसला तरी निघतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप मागे हटतो.

मासे मेले त्याचे कारण वेगळे असावे. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे मासे बऱ्याच प्रमाणात सोसू शकतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात आणि ती वस्ती पुरती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी बारा मासे सोडले म्हणजे अमोनिया साठतच जातो. पाणी जितके उष्ण आणि जितके अल्कधर्मी, तितका त्यातला मुक्त, म्हणजे खरा घातक अमोनिया अधिक असतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप, ७ वरून ८ वर गेला की त्याचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. सोलापूरच्या पाण्यात आणि सोलापूरच्या हवेत ही गोष्ट विसरून चालत नाही.

उरलेले पाच मासे वाचवण्यासाठी पुढचे काही आठवडे दर दोन दिवसांनी पाव भाग पाणी बदलावे, खाद्य एकदिवसाआड चिमूटभर द्यावे आणि नवा एकही मासा आणू नये. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणावा आणि आपल्या फिल्टरला जोडावा. त्या मळकट तुकड्याइतकी उपयोगी वस्तू दुकानात मिळत नाही. आपला स्पंज धुण्याची वेळ येईल तेव्हा तो नळाखाली धरू नये. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो दोन-तीनदा पिळावा. बादलीतले पाणी चहासारखे गढूळ होईल, पण स्पंजातले जिवाणू जगतील.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास असते. तेवढ्यात सहा-सात गप्पी शोभून दिसतील आणि सुखाने राहतील. गप्पी सर्व नर घ्यावेत. एकदा मिलन झालेली मादी नराशिवायही अनेक महिने पिल्ले देत राहते आणि दर चार-पाच आठवड्यांनी टाकीतली गर्दी वाढते.

प्रश्न : पानांच्या कडांना व फिल्टरच्या नळीला काळे, केसाळ झुबके धरले आहेत. दुसऱ्या टाकीत वाळूवर निळसर हिरवी बुळबुळीत चादर पसरते व तिला कुबट वास येतो. (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : काळे झुबके हे लाल शैवालाच्या कुळातले आहेत आणि हाताने ओढून निघत नाहीत. तशी पाने देठापासून कापून टाकावीत, नळी बाहेर काढून घासावी आणि टाकीतला प्रकाश कमी करावा. मोठ्या टाकीत सयामी शेवाळखाऊ मासा हे झुबके खातो. मात्र त्याच्यासारखाच दिसणारा चिनी शेवाळखाऊ अनेकदा त्याच्या नावाने विकला जातो, तो वाढल्यावर इतर माशांच्या अंगाला चिकटतो. खऱ्या माशाची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते, ही खूण लक्षात ठेवावी.

निळसर चादर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत. मासे ते खात नाहीत. सायफनने ती चादर ओढून काढावी, वाळूत साठलेली घाण उपसावी, पाण्याचा प्रवाह त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल असे फिल्टरचे तोंड वळवावे आणि नंतर तीन दिवसांचा काळोख द्यावा. दोन्ही टाक्यांत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया किंवा हॉर्नवर्ट यांसारखी झपाट्याने वाढणारी पाणवनस्पती भरपूर लावावी. पोषकद्रव्यांसाठी शेवाळाशी थेट स्पर्धा करणारी दुसरी गोष्ट टाकीत नसते.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. पाण्यात बर्फ टाकावा का? (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : थेट बर्फ टाकू नये. तापमान एकदम उतरले तर माशांना धक्का बसतो. २५ अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आत येतो. त्यात शेवाळ आणि वनस्पती रात्री प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत कठीण असते. रात्री हवेचा पंप चालू हवाच आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा. टाकीचे झाकण काढून वर जाळी टाकावी आणि पृष्ठभागावरून वारा जाईल असा टेबलफॅन लावावा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आटलेले पाणी भरताना शक्यतो आरओचे पाणी वापरावे, कारण पाणी उडते पण क्षार मागे राहतात आणि वरून पुन्हा क्षारयुक्त पाणी घातले की कठीणपणा वाढत जातो. आठवड्याचे पाणी बदलणे मात्र चुकवू नये.

प्रश्न : आमचा सकर आता फूटभर झाला आहे. त्याला सिद्धेश्वर तलावात किंवा उजनीत सोडले तर चालेल का? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. उजनी जलाशयात तो आधीच पसरला असून त्याच्या खरखरीत, काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. आपल्याकडे त्याला खाणारे फारसे कुणी नाही आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा तो घेतो. ज्या दुकानातून आणला तेथे परत घेतात का ते विचारावे, किंवा पाच-सहा फुटी टाकी असलेल्या हौशी व्यक्तीला तो द्यावा. टाकीतून काढलेल्या वनस्पतीही गटारात किंवा तलावात टाकू नयेत. त्या गच्चीवर पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्याव्यात.