ओपनजीएलमध्ये लाल दिवा पांढरा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी भाषा आणि ओपनजीएल ही चित्रं काढायची ग्राफिक्स लायब्ररी वापरून दादर स्टेशनचं रात्रीचं चित्र काढलंय. त्यात सिग्नलचा लाल दिवा पांढरा येतो, हिरवा फिरोजी येतो, गडद निळं आकाश पांढरंफटक पडतं, पिवळा दिवा तेवढा बरोबर दिसतो. आणि मित्राचं म्हणणं, लॅबमधल्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड गेलंय.

कार्ड गेलेलं नाही. मी इंजिनीअरिंगच्या मुलांची कॉम्प्युटर ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स घेते, आणि हा प्रकार जवळपास प्रत्येक बॅचमध्ये बघते. तरी शंका फेडायची असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर उघडा. तिथेही दिवा पांढराच दिसला तर मॉनिटर आणि त्याचा नाइट लाइट (रात्री पडद्याचा रंग पिवळसर करणारी सेटिंग) दोघेही सुटले. चूक कोडात आहे.

तुम्ही जीएलकलर३एफ या रंग ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये लालसाठी २२०, २०, ३० असे आकडे दिलेत. नावातला ३ म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तीन घटक, आणि एफ म्हणजे फ्लोट, दशांश संख्या. या फंक्शनला प्रत्येक घटक ० ते १ मध्ये हवा असतो. १ म्हणजे पूर्ण प्रकाश. त्याहून मोठा आकडा आला की ओपनजीएल कुठलीही एरर देत नाही, रंग पडद्यावर जाण्याआधी तो गुपचूप १ वर आणून ठेवतं.

आता हाच हिशोब तुमच्या चारही रंगांना लावा. २२०, २०, ३० चं झालं १, १, १, म्हणजे पांढरा. हिरव्याचे ०, १६०, ८० झाले ०, १, १, म्हणजे फिरोजी. आकाशाचे २०, २०, ४५ पुन्हा १, १, १. आणि पिवळ्याचे २५५, १९०, ० झाले १, १, ०, जो खरोखरच पिवळा असतो! तुम्हाला हवा होता तो जरा केशरीकडे झुकणारा पिवळा, मिळाला लिंबासारखा. पण दिव्याच्या त्या छोट्या गोलात फरक कळत नाही, म्हणून तुम्हाला वाटलं की निदान एक रंग तरी बरोबर आहे आणि शोध भलतीकडे गेला. असे पूर्णांक दिले की प्रत्येक घटक एकतर ० राहतो नाहीतर १ होतो, त्यामुळे अख्ख्या प्रोग्राममध्ये आठच रंग निघू शकतात. चित्रात एकही मधली छटा नाही, सगळं भडक आहे, असं दिसलं की आधी हेच तपासा.

इथवर कळल्यावर पुढची पायरी बहुतेक जण चुकतात. मीही शिकत असताना इथेच अडकले होते आणि अख्खी रात्र घालवली होती. २५५ ने भागायचं हे सुचतं, म्हणून आपण २२०/२५५ लिहितो. सी मध्ये दोन्ही पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांकच होतो, त्यामुळे उत्तर ०. तुमचा लाल आणि हिरवा दिवा विझून काळे होतील, आकाशही काळं होईल. पिवळ्याचं तर बघा: २५५/२५५ म्हणजे १, १९०/२५५ म्हणजे ०, आणि तिसरा घटक ० होताच. पिवळा दिवा चक्क लाल पेटेल. हे समोर आलं की माणूस पार गोंधळतो, पण कारण एवढंच असतं. २५५ च्या जागी २५५.० लिहा, काम झालं.

माझं मत विचाराल तर दिव्यांसाठी भागाकाराच्या भानगडीत पडूच नका. जीएलकलर३यूबी वापरा (यूबी म्हणजे अनसाइन्ड बाइट), त्याला ० ते २५५ हेच आकडे लागतात. फक्त जीएलकलर३आय घेऊ नका. तिथे १ च्या जागी इंटमधला, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारातला, सर्वात मोठा आकडा धरलेला असतो, म्हणून २५५ सुद्धा जवळजवळ काळाच दिसतो. आकाशाचा रंग मात्र जीएलक्लिअरकलरने, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग ठरवणाऱ्या फंक्शनने, भरावा लागतो आणि त्याला यूबीवालं भावंड नाही, तिथे २५५.० ने भागावंच लागेल.

आकडे सुधारल्यावर आणखी एक गोष्ट दिसू शकते, कारण तुमच्या कोडात हिरव्या दिव्याच्या वर्तुळात रंगाची ओळ पहिल्या व्हर्टेक्सच्या (बिंदूच्या) नंतर आली आहे. ओपनजीएल शेवटचा सांगितलेला रंग धरून ठेवतं, नवा सांगेपर्यंत तोच लावतं. ट्रँगल फॅनमध्ये, म्हणजे मध्याभोवती त्रिकोण लावून वर्तुळ काढताना, पहिला बिंदू मध्याचा असतो, त्याला आधीच्या दिव्याचा रंग मिळतो आणि तो कडेकडे विरघळत जातो. हिरव्या दिव्याच्या पोटात पिवळा डाग दिसला तर ती ओळ जीएलबिगिनच्या, म्हणजे आकार सुरू करणाऱ्या ओळीच्या, वर न्या.

पुढे लोकलच्या डब्यांना लाइटिंग (प्रकाश-सावलीचा हिशोब) लावणार आहात असं लिहिलंय. ते चालू केलं की जीएलकलरकडे दुर्लक्ष होतं आणि सगळं करडं दिसतं, तेव्हा कलर मटेरियल, म्हणजे जीएलकलरचा रंगच वस्तूचा रंग धरायची सोय, तीही एनेबल करा. फलाटावरच्या जाहिरातीसाठी बीएमपी फोटो लावाल तेव्हा माणसांचे चेहरे निळे झाले तर घाबरू नका. त्या फाइलमध्ये घटक निळा, हिरवा, लाल अशा उलट्या क्रमाने असतात, टेक्स्चर (आकारावर चिकटवायचं चित्र) देताना फॉरमॅट बीजीआर सांगायचा.

आणि सबमिशनला वेळ असेल तर खांबावर अजून एक पिवळा दिवा घ्या. लोकलच्या मार्गावर लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा असे चार इशारे असतात, आणि तुमच्या खांबावर सध्या तीनच दिवे आहेत.