तीन संगणक, एकच मॉनिटर

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचे करसल्ल्याचे छोटे कार्यालय आहे. हळदीच्या अडत्यांचे जुने हिशेब मॉनिटरसाठी जुनी व्हीजीए जोडणी असलेल्या एका संगणकात आहेत, चालू हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे एचडीएमआय या नव्या जोडणीच्या दोन संगणकांत. दोन्ही नवे संगणक एका स्वस्त केव्हीएम स्विचवर (एकच कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर अनेक संगणकांना आळीपाळीने जोडणाऱ्या पेटीवर) जोडून पाहिले. परंतु एकावरून दुसऱ्यावर जाऊन परत आलो की अक्षरे मोठी आणि पुसट दिसतात. तिन्हींसाठी कोणता स्विच घ्यावा?

उत्तर : आपला स्विच बिघडलेला नसावा; त्यात एक सोय नसावी. मॉनिटर आपल्या रिझोल्यूशनचा तपशील ‘ईडीआयडी’ नावाच्या नोंदीतून संगणकाला कळवतो. साधा स्विच दुसरीकडे वळला की पहिल्या संगणकाच्या लेखी मॉनिटर काढलेलाच असतो, आणि मग तो १०२४ × ७६८ सारख्या कामचलाऊ मापावर उतरतो. ईडीआयडी इम्युलेशन असलेला स्विच ही नोंद प्रत्येक संगणकापुढे सतत धरून ठेवतो, म्हणून ती सोय आहे का, हे किमतीच्याही आधी विचारावे.

आपल्याला चार पोर्टचा एचडीएमआय स्विच सोयीचा पडेल. जुन्या संगणकासाठी व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा कन्व्हर्टर लागेल. दुकानात सर्रास पुढे केला जातो तो बहुधा उलट दिशेचा असतो आणि येथे निरुपयोगी ठरतो.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे यूएसबी उपकरण) मात्र स्विचच्या यूएसबी पोर्टमध्ये लावू नये. हे पोर्ट सहसा कीबोर्डबरोबरच दुसऱ्या संगणकाकडे वळतात, त्यामुळे विवरणपत्रावर स्वाक्षरी चालू असताना आपण जुनी खतावणी पाहायला वळलात, तर टोकन उपसून काढल्यासारखेच होते. ते विवरणपत्रांच्या संगणकातच थेट लावावे.

अदलाबदलीसाठी बटण असलेला स्विच घ्यावा. अनेक स्विच स्क्रोल लॉक दोनदा दाबून वळतात, पण ती कळ चुकून चालू राहिली की एक्सेलमध्ये बाणाच्या कळांनी चौकट न बदलता अख्खे पान सरकते आणि ऐन मार्चअखेर माणूस कावून जातो. विजेसाठी वेगळा अॅडॉप्टर असलेला स्विच मिळाल्यास उत्तम.

पैसे देण्यापूर्वी आपला मॉनिटर दुकानात नेऊन दोन संगणकांत चार-पाच वेळा अदलाबदल करून पाहावी. अक्षरे जशीच्या तशी राहिली, तरच बिल करायला सांगावे.