थायॉल सोडण्याआधीच कँटिलिव्हरचं रीडिंग का चढतं?

सोलापुरात मे महिन्यात कँटिलिव्हरवर (एका टोकाला धरलेली, वर सोन्याचा पातळ थर असलेली सिलिकॉनची सूक्ष्म पट्टी; तिचं वाकणं लेझरने मोजतात) प्रयोग करताय आणि थायॉलची (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंची) बाटली उघडण्याआधीच सिग्नल दुपारभर चढत जातो, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिला संशय तापमानावरच. सोनं सिलिकॉनच्या पाचपटीहून जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे खोली तापली की पट्टी सोन्याच्या उलट बाजूला वाकते. गोची अशी की अल्केनथायॉलचा थर सोन्यावर बसतो तेव्हाही ती त्याच बाजूला वाकते. नुसता आलेख बघून थायॉलचा थर बसतोय की खोली तापतेय, हे ओळखता येत नाही.

५०० मायक्रॉन लांब, १ मायक्रॉन जाड सिलिकॉनची पट्टी आणि वर २० नॅनोमीटर सोनं धरा. एका अंशाला सुमारे ३२ मिलिन्यूटन प्रति मीटर स्ट्रेस (पृष्ठभागावरचा ताण) येतो, म्हणजे टोक साधारण १३० नॅनोमीटर सरकतं. अशाच पट्टीवर डीएनएचे धागे जुळण्याचा सिग्नल जेमतेम काही मिलिन्यूटन प्रति मीटरचा. तो यात कुठल्या कुठे बुडतो.

एसी लावून भागत नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की आलेखाला करवतीचे दाते येतात. एसी-पंखा बंद, पट्टी ठेवलेल्या सेलभोवती थर्माकोलची पेटी, आणि पेल्टियरने (विजेवर तापवणाऱ्या-गार करणाऱ्या चकतीने) ०.०५ अंशात नियंत्रण. लेझरही पट्टी तापवतो, म्हणून तो लावून तासभर थांबा. मध्येच लाईट गेली तर तो तास पुन्हा मोजायचा, तेव्हा लेझर आणि कंट्रोलर यूपीएसवरच हवेत.

खरी भिस्त शेजारच्या रेफरन्स पट्टीवर, जिचं वाकणं मूळ पट्टीच्या वाकण्यातून वजा करतात. बरेच जण तिला सोनंच देत नाहीत. मग ती तापमानाला वाकत नाही आणि वजा करायला काही उरत नाही. दोन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी सोनं चढवा, रेफरन्सवर थायॉलचा थर आधीच पूर्ण बसवून ठेवा. मग सेल एक अंशाने तापवून दोघींचं वाकणं ताडून बघा. ५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर ती जोडी बाद.

वाकण्यावरून स्ट्रेस काढायच्या स्टोनीच्या सूत्रात पट्टीच्या जाडीचा वर्ग असतो. कॅटलॉगमधली जाडी १० टक्के चुकली की स्ट्रेस सुमारे २० टक्के चुकतो. सोनं चढवण्याआधी रेझोनन्सवरून (पट्टीच्या नैसर्गिक कंपनसंख्येवरून) जाडी काढा. वरच्या मापाच्या पट्टीचा तो हवेत ५.५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. यंत्रमागांची धडधड याच्या खूप खाली, तिचा पट्टीला त्रास नाही. पण लेझर आणि डिटेक्टर वेगवेगळ्या स्टँडवर असतील तर लेझरचा ठिपका थरथरतो. दोन्ही एकाच जाड प्लेटवर आवळा.

इतकं करूनही आकडा छापील आकड्यांशी जुळला नाही, तर सोन्याच्या थरातले कण तपासा. बारीक आणि मोठ्या कणांच्या सोन्यावर एकाच थायॉलचा स्ट्रेस दहापटीहून जास्त बदलू शकतो. आणि सोनं चढवलेली पट्टी त्याच दिवशी वापरा, उघडी ठेवली की हवेतला तेलकटपणा थायॉलच्या आधी जागा धरतो.